पावसाळ्यात जहाज जास्त तेल खातं का? बायर कार्बनचा आकडा मागून राहिला

बुटीबोरीवाला:
नमस्कार मंडळी. नागपुरात बसून समुद्राचं विचारतोय म्हणून हसू नका. आमचं बुटीबोरी एमआयडीसीत छोटं युनिट आहे, कास्टिंग बाहेरून घेतो, मशीनिंग करून पंपाचे पार्ट पाठवतो. महिन्याला दोन-तीन वीस फुटी डबे म्हणजे कंटेनर, जवळपास सगळे न्हावा शेवावरून रॉटरडॅमला. आता तिकडचा बायर म्हणतो प्रत्येक शिपमेंटमागे कार्बन किती झाला ते लिहून द्या. मी फॉरवर्डरला, म्हणजे जहाजावर जागा बुक करून देणाऱ्या एजंटला विचारलं, त्यानं पाच मिनिटांत कुठल्यातरी कॅल्क्युलेटरवरून काढून पाठवला.

गंमत अशी की मार्चच्या डब्याचा आकडा आणि जुलैच्या डब्याचा आकडा हुबेहूब एक. दशांशापर्यंत. मार्चचा डबा ३३ दिवसांत पोचला, जुलैचा ४२ दिवसांत. दोन्ही वेळा आफ्रिकेला वळसा घालून. नऊ दिवस जहाज समुद्रात जास्त फिरलं तर तेल नाही का जाळलं त्यानं? की पावसाळ्यात सावकाश जातं म्हणून हिशोब बरोबर होतो? जुलैच्या जहाजाचा ट्रॅक मी मोबाइलवर बघत होतो तर ते निघालं आणि सरळ पश्चिमेला जायच्या ऐवजी किनाऱ्याच्या कडेकडेनं खाली केरळकडे गेलं. आफ्रिकेला जायचं तर आधी केरळ कशाला? कोणाला या लाइनीतलं माहीत असेल तर सांगा, बायरला खोटं लिहायचं नाही आहे.

तर्रीपोहा:
कॅप्टन नागपूरचा असेल भाऊ. सीताबर्डीवरून धरमपेठेत जायला पण आपण आधी चहा प्यायला सदरला जातो.

सेकंड_इंजिनिअर_रजेवर:
मी जहाजावर आहे, म्हणजे सध्या नाही, सध्या मनीषनगरात घरी कूलरसमोर आहे. बल्क कॅरिअरवर, म्हणजे कोळशासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर सेकंड इंजिनिअर. कंटेनरवाले आमच्यापेक्षा पळतात पण पाणी सगळ्यांना सारखंच.

तुमचा पहिला प्रश्न, पावसाळ्यात तेल जास्त लागतं का. कोणत्या दिशेनं चालला त्यावर आहे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात वारा नैऋत्येकडून येतो आणि सगळ्यात वाईट पट्टा आपल्या किनाऱ्याजवळ नाही, तो तिकडे सोमालिया आणि सोकोत्रा बेटाच्या आजूबाजूला. तिथून इकडे येणाऱ्याला वारा मागून, त्याचं बरं चालतं, फक्त डोलतो. इकडून तिकडे जाणाऱ्याच्या तोंडावर.

एकदा जुलैत कांडल्याहून रिकामं जहाज घेऊन दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बेला कोळसा भरायला चाललो होतो. रिकामं म्हणजे बॅलास्टवर, वजनाला टाक्यांत नुसतं पाणी, नाक हलकं, त्यामुळे प्रत्येक मोठ्या लाटेवर पुढचा भाग वर जाऊन धाडकन आपटतो आणि सगळं जहाज ताटासारखं थरथरतं. मेसमध्ये टेबलावर ओलं कापड अंथरतात, नाहीतर ताट घसरून शेजारच्याच्या मांडीवर जातं. इंजिनाचे फेरे आम्ही आहे तेच ठेवले होते. शांत पाण्यात त्या फेऱ्यांवर तेरा नॉट, म्हणजे तासाला तेरा सागरी मैल मिळायचे. तिथे जीपीएस दाखवून राहिलं साडेआठ. आणि तेल? कमी नाही झालं, उलट दीड टन जास्त, कारण लाटेत पंखा जड होतो, तेवढेच फेरे राखायला गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचे फेरे सांभाळणारं यंत्र, आपोआप जास्त तेल ढकलतो. मध्येच शेपूट वर आली की पंखा अर्धा उघडा पडतो आणि इंजिन एकदम पळतं, तेव्हा खाली उभं असलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. दुसऱ्या रात्री ब्रिजवरून, म्हणजे वर जिथून जहाज चालवतात तिथून फोन आला, फेरे कमी करा, आपटणं फार होऊन राहिलं. मग साडेसहा नॉट. समृद्धीवरून बैलगाडी चालल्यासारखं.

म्हणजे हवामान दोन प्रकारे वेग खातं. एक तर लाट आणि वारा स्वतः ढकलतात, तो तोटा आपल्या हातात नाही. दुसरा म्हणजे जहाज मोडू नये म्हणून आपण स्वतःच कमी करतो.

आता उलटी बाजू. नुसतं सावकाश जाणं, शांत पाण्यात, हे तेल वाचवतं आणि प्रचंड वाचवतं. इंजिनाची लागणारी ताकद ढोबळमानानं वेगाच्या घनात वाढते. वेग दहा टक्के कमी केला तर दिवसाचं तेल सुमारे २७ टक्के कमी होतं, दिवस जास्त लागतात ते धरूनही त्याच अंतराला १९ टक्के वाचतं. समजा १५ नॉटला दिवसाला ३० टन जाळणारं जहाज ३,६०० सागरी मैल जातं. दहा दिवस, ३०० टन. तेच १२ नॉटनी गेलं तर साडेबारा दिवस पण तेल १९२ टनांच्या आसपास. जड फर्नेस तेलाचा एक टन जाळला की ३.११ टन कार्बन डायऑक्साइड होतो, हा सगळीकडे वापरतात तोच गुणक आहे. म्हणजे साधारण ३३५ टन कार्बन नुसत्या वेगावर वाचला.

म्हणून नऊ दिवस जास्त लागले यावरून तेल जास्त की कमी हे सांगताच येत नाही. सावकाश गेलं म्हणून उशीर झाला असेल तर कमी. मार खात गेलं म्हणून उशीर झाला असेल तर जास्त. आणि कुठे नांगर टाकून पडून राहिलं असेल तर जनरेटर चालतो, डब्यांत फळं-मासे असतील तर त्यांचे फ्रिज चालतात, पण अंतर शून्य.

केरळकडे गेलं त्याचं कारण मला वाटतं हेच, सोकोत्राचा पट्टा चुकवायला आधी दक्षिणेला उतरतात, मालदीवच्या बाजूनं पश्चिमेला वळतात. रस्ता लांबतो पण परवडतो.

पीटीचा_नाही_फिजिक्सचा_सर:
वरच्या साहेबांचं बरोबर आहे फक्त घनाचा नियम जपून वापरा. मुलं लगेच १५ चं ५ नॉट करून सांगतात की तेल सत्तावीस पटीनं कमी. जनरेटर, बॉयलर, पंप हे वेग कमी केला म्हणून कमी होत नाहीत, प्रवास लांबला की उलट जास्त दिवस चालतात. शिवाय तळाला शेवाळ-शिंपले धरले असले की सगळी आकडेमोड सरकते. फार कमी भारावर मोठं इंजिनही नीट जळत नाही, काजळी धरतं.

आणि लांबचा रस्ता परवडतो असं नुसतं म्हणू नका, करून दाखवा. मला हे पोरांना गणित म्हणून द्यायचंय.

सेकंड_इंजिनिअर_रजेवर:
सर, हाव, घ्या गणित. ३,६०० मैलांचा रस्ता, वेग १३ नॉट, तेल दिवसाला २८ टन. मध्ये तीन दिवसांचा वादळी पट्टा, त्यात १३ चे ९ होतात आणि तेल तेवढंच जातं. तीन दिवसांत ७२ तास गुणिले ४ म्हणजे २८८ मैल मागे पडलो, ते भरून काढायला २२ तास. आता पट्टा टाळून २०० मैल जास्त फिरलो तर साडेपंधरा तास. फरक पावणेसात तासांचा, म्हणजे जवळपास ८ टन तेल, पंचवीसेक टन कार्बन. अख्ख्या प्रवासाच्या सव्वातीनशे टनांपैकी अडीच टक्के.

बघा किती छोटं आहे. सॉफ्टवेअर विकणारे येतात तेव्हा फार मोठं बोलतात. आणि हाच वळसा ३०० मैलांचा असता तर नुकसान. म्हणून ब्रिजवर दिवसातून दोनदा नवा अंदाज उतरवतात आणि पुन्हा बघतात. चार-पाच दिवसांपुढच्या अंदाजावर कोणी डोळे मिटून २०० मैल फिरत नाही.

जुना_मास्तर:
मी आता निवृत्त आहे, मुलगी नागपुरात म्हणून इथे. जहाजाचा कॅप्टन म्हणजे कागदावर मास्तर, शाळेचा नव्हे.

बुटीबोरीवाले, मोबाइलवरच्या नकाशावर जी सरळ रेघ दिसते ती मुळात सरळ नसते. पृथ्वी गोल, नकाशा चपटा. योकोहामाहून सॅनफ्रान्सिस्कोला जायचा सगळ्यात जवळचा रस्ता नकाशावर कमानीसारखा वर जातो, पार अलास्काकडच्या अल्यूशन बेटांच्या जवळ. आणि हिवाळ्यात नेमकी तिथेच एकामागून एक वादळं. म्हणजे सगळ्यात जवळचा तोच सगळ्यात वाईट. मग दक्षिणेकडून लांबचा घ्या. नोव्हेंबर २०२० मध्ये वन एपस नावाचं कंटेनर जहाज चीनहून लाँग बीचला जाताना उत्तर पॅसिफिकमध्ये असं डोललं की अठराशेच्या वर डबे समुद्रात गेले. तेलाचा हिशोब तिथे कोण विचारतो.

ही विद्या काही काल-परवाची नाही. अमेरिकन नौदलातले मोरी यांनी शेकडो जहाजांच्या जुन्या लॉगबुकांतून वारे आणि प्रवाह गोळा करून १८४७ साली नकाशे छापले, शिडाची जहाजं त्यांवरून आठवडेच्या आठवडे वाचवू लागली. आपल्या अरबी समुद्रात तर त्याच्या कितीतरी आधीपासून लोक वाऱ्याचा हंगाम बघूनच निघत, मान्सून हा शब्दच अरबी मौसिमवरून. आपले कोळी बांधव अजूनही नारळी पौर्णिमेला नारळ सोडून मगच होडी घालतात. जुलैत त्या समुद्रात जायचं नसतं हे त्यांना सॉफ्टवेअरनं सांगितलेलं नाही.

प्रवाहाचंही सांगतो, कारण तो विषय सगळे विसरतात. केपकडे, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जाताना पूर्व किनाऱ्याला अगुल्हास प्रवाह नैऋत्येकडे वाहतो, चांगल्या जागी चार-चार नॉट. जाणाऱ्याला फुकटचा धक्का, इंजिन १४ चं आणि जमिनीवरून १८ नी चाललात. म्हणून जाताना सगळे दोनशे मीटर खोलीच्या रेषेच्या आसपास ती धार धरून जातात. पण दक्षिणेकडून मोठं वादळ आलं की त्याच्या लाटा या प्रवाहावर समोरून आदळतात, उभ्या होतात, आणि त्यांच्यापुढे खड्डा पडतो. मी एकदाच पाहिला आहे. पुढे पाणीच नव्हतं. अशा वेळी प्रवाहाची मजा सोडून किनाऱ्याकडे उथळात यायचं, तेल गेलं तर गेलं. तिकडे जून ते ऑगस्ट हिवाळा असतो हे आपल्याकडे लक्षात राहत नाही. २०२४ च्या जुलैत दक्षिण आफ्रिकेजवळ एका मोठ्या जहाजावरून ४४ डबे गेले ते याच मोसमात.

म्हणजे आपला पावसाळा आणि त्यांचा हिवाळा, जुलैत केपवरून जाणाऱ्याला दोन्ही दारं वाईट.

तर्रीपोहा:
मास्तर, तो खड्ड्याचा किस्सा पूर्ण सांगा ना. अर्ध्यावर काऊन सोडला.

जुना_मास्तर:
पूर्ण सांगण्यासारखं त्यात काही नाही. जहाज खाली गेलं आणि वर आलं. वर आलं म्हणून इथे लिहितो आहे. पुढच्या रेलिंगचे सळे वाकून वेणीसारखे झाले होते.

चार्टरिंग_डेस्क:
मूळ प्रतापनगरचा, सध्या मुंबईत जहाजं भाड्यानं देण्या-घेण्याच्या धंद्यात. सगळे समुद्राचं बोलताहेत, मी पैशाचं बोलतो, कारण रस्ता आणि वेग शेवटी तोच ठरवतो.

जहाज एकाचं आणि ते भाड्यानं घेतलेला दुसरा. तेलाचे पैसे भाडेकरू देतो. करारात लिहिलेलं असतं की चांगल्या हवामानात अमुक नॉट आणि अमुक टन, आणि चांगलं हवामान म्हणजे बहुतेक वेळा वाऱ्याच्या जोराच्या ब्यूफोर्ट मापावर ४ पर्यंत. प्रवास संपला की हवामान कंपनीचा रिपोर्ट येतो, मालकाचा कॅप्टन म्हणतो आम्हाला ६ लागला, कंपनी म्हणते उपग्रहावरून ४ च दिसतो, आणि दोन-तीन महिने मेलामेली. दुपारी बारा वाजता रोज जो रिपोर्ट जातो त्यात वाऱ्याचा आकडा थोडा फुगवून लिहायचा मोह कोणाला होतो हे इथले दोन्ही साहेब जाणून आहेत, मी नाव घेत नाही.

रस्त्यावरूनही भांडणं कोर्टात गेलीत. हिल हार्मनी नावाची केस आहे, व्हँकुव्हरहून जपानला जायचं होतं, भाडेकरू म्हणाला जवळचा उत्तरेचा रस्ता घे, मास्तर म्हणाला मागे तिथे मार खाल्लाय, मी दक्षिणेनं जातो, आणि गेला. दिवस आणि तेल दोन्ही वाढलं. लंडनला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत प्रकरण गेलं आणि २००० साली निकाल भाडेकरूच्या बाजूनं लागला. सुरक्षिततेचं खरं कारण असेल तर मास्तरचा शब्द शेवटचा, पण नुसती नावड हे कारण नाही.

सगळ्यात जास्त तेल मात्र वादळात जात नाही, ते पळत जाऊन थांबण्यात जातं. बंदरात धक्का रिकामा नाही हे चार दिवस आधी माहीत असतं तरी करारात लिहिलंय की होईल तेवढ्या लवकर पोचा, मग १४ नॉटनी पळत जायचं आणि बाहेर नांगर टाकून चार दिवस पत्ते कुटायचे. तेच चार दिवस प्रवासात वाटून ११ नॉटनी आलं असतं तर काय वाचलं असतं ते वर इंजिनिअर साहेबांनी दाखवलंच आहे. सगळ्यांना पटतं, करतात फार थोडे, कारण थांबण्याचे पैसे एकाला मिळतात आणि तेलाचे दुसऱ्याच्या खिशातून जातात.

आता नियमांची गंमत. २०२३ पासून मोठ्या जहाजांना दरवर्षी ए ते ई अशी श्रेणी मिळते, डी सलग तीन वर्षं किंवा ई एकदा आली की सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. श्रेणी काढतात कशी? वर्षभराचा कार्बन भागिले जहाजाची क्षमता गुणिले कापलेलं अंतर. अंतर खाली, छेदात. म्हणजे शांत पाण्यातून लांब वळसा घालून गेलं तर एकूण कार्बन वाढूनही श्रेणी सुधारू शकते, आणि नांगर टाकून उभ्या जहाजाची बिघडते, त्याचा काही दोष नसताना. मला तर हे रिक्षावाल्याला जास्त किलोमीटर फिरवल्याबद्दल बक्षीस दिल्यासारखं वाटतं.

बुटीबोरीवाला, तुमच्या बिलात ईटीएस सरचार्ज म्हणून ओळ येते ना? ती युरोपची. जानेवारी २०२४ पासून जहाजांना तिथे कार्बनचे परवाने घ्यावे लागतात, बाहेरून युरोपात येणाऱ्या प्रवासाचा अर्धा कार्बन धरतात, २०२४ च्या उत्सर्जनाच्या ४० टक्क्यांवर, २०२५ च्या ७० वर, आणि २०२६ पासून पूर्ण. म्हणजे रस्ता लांबला की ती ओळही लांबते.

बुटीबोरीवाला:
बापरे. एवढं येईल असं वाटलं नव्हतं. हो, ती ओळ येते, मी आजपर्यंत तिला फॉरवर्डरची बदमाशी समजत होतो.

पण माझा मूळ प्रश्न अजून तिथेच. मार्च आणि जुलैचा आकडा एकच कसा?

सीएचए_अजनी:
मी कस्टम क्लिअरन्सचं काम करतो, रोजचं बसणं अजनीच्या डेपोत. यात समुद्राचं कमी आणि कागदाचं जास्त आहे म्हणून मी बोलतो.

कॅल्क्युलेटर तुमचं जहाज बघतच नाही भाऊ. लाइन्स मिळून क्लीन कार्गो पद्धतीनं आकडे काढतात, त्यात एकेका व्यापारी मार्गाची वर्षाची सरासरी असते. तुमच्या डब्याचं अंतर गुणिले ती सरासरी. पावसाळा त्या सरासरीत आधीच मिसळलेला आहे, वरणात हिंग असतो तसा, वेगळा काढून दाखवता येत नाही. म्हणून मार्च काय जुलै काय, उत्तर एकच.

पण खरी भानगड अंतरात आहे. अंतर बहुतेक कॅल्क्युलेटर सगळ्यात जवळच्या चालू मार्गाचं घेतात आणि वळणावाकणासाठी १५ टक्के वर टाकतात. न्हावा शेवा ते रॉटरडॅम सुएझवरून साधारण ६,३०० सागरी मैल. १५ टक्के टाकले की सव्वासात हजार. केपवरून खरं अंतर १०,८०० च्या घरात. १५ टक्क्यांत वादळ चुकवणं बसतं, अख्खी आफ्रिका नाही बसत. २०२३ च्या शेवटाला तांबड्या समुद्रात हूथींचे हल्ले सुरू झाले आणि मोठ्या लाइन्स केपकडे वळल्या, पण जुन्या टूलमध्ये अजून सुएझच टाकलेलं सापडतं. तुमच्या रिपोर्टमध्ये अंतराचा कॉलम असेल, किलोमीटरमध्ये असेल, बघून सांगा. १३-१४ हजार दिसलं तर सुएझ, २३ हजारांच्या आसपास दिसलं तर केप.

आणि दुसरं. जुलैच्या बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे लाइननं दिलेल्या मालाच्या पावतीवर, जहाजाची नावं किती आहेत?

पीटीचा_नाही_फिजिक्सचा_सर:
यात एक भर. ६,३०० चे १०,८०० म्हणजे १.७१ पट. आणि वेळापत्रक सांभाळायला जहाजानं वेग दहाच टक्के वाढवला तरी मैलामागे तेल १.२१ पट. गुणाकार २.०७. रस्ता पावणेदोन पटीहून कमी वाढला, कार्बन दुप्पट. यापुढे वादळाचे अडीच टक्के म्हणजे दशांशातला खेळ.

बुटीबोरीवाला:
अंतर १३,४१८ किमी लिहिलंय. म्हणजे सुएझ!! आणि ट्रॅक तर मी स्वतः केपवरून जाताना पाहिला.

बिल ऑफ लेडिंगवर दोन नावं आहेत. एक छोटं जहाज, मग दुसरं. मी लक्षच दिलं नव्हतं.

सीएचए_अजनी:
मग झालं. ट्रान्सशिपमेंट, म्हणजे डबा एका जहाजातून उतरवून दुसऱ्यात चढवणं, कुठे झालं ते बघा. कोलंबो असणार.

बुटीबोरीवाला:
कोलंबोच. लाइनच्या साइटवर डबा नंबर टाकला. उतरला १४ तारखेला, चढला २२ ला. आठ दिवस कोलंबोत पडून होता.

सीएचए_अजनी:
म्हणजे नवातले आठ दिवस हवामान नाही, यार्ड. आणि ते केरळकडे गेलं ते वादळ चुकवायला नाही, ते कोलंबोला चाललं होतं.

तर्रीपोहा:
😂😂 दोन दिवसांपासून सोकोत्रा सोकोत्रा करून राहिले सगळे.

सेकंड_इंजिनिअर_रजेवर:
घ्या. चुकलो. ट्रॅक बघितल्याशिवाय बोललो, बल्कवाल्याला ट्रान्सशिपमेंट सुचत नाही कारण आम्ही कोळसा मध्येच कुठे उतरवत नाही.

मग तर गणित आणखी वेगळं होतं. फीडर, म्हणजे ते पहिलं छोटं जहाज, किनाऱ्यालगत गेलं, त्याला मान्सून समोरून नाही, उजव्या बाजूनं लागला. आडव्या लाटेत डोलतं खूप, सुकाणू सारखं डावं-उजवं होत राहतं त्यानंही थोडं तेल जातं, पण नाकावर आपटण्याइतकं नाही. आणि मोठं जहाज कोलंबोहून निघालं की दोन-तीन दिवसांत विषुववृत्त ओलांडून पलीकडे, तिकडे आग्नेयेचे व्यापारी वारे, ते त्याच्या डाव्या बाजूला. म्हणजे ज्या पट्ट्याची मी एवढी कथा लावली तो तुमच्या डब्यानं पाहिलाच नाही. त्याला लागलं असेल तर ते मास्तर साहेबांचं केप.

डबा यार्डात पडून होता त्या आठ दिवसांत त्यानं तेल काही खाल्लं नाही. अंतर मात्र कोलंबोमुळे काहीशे मैल वाढलं, ते धरा.

जुना_मास्तर:
मीही सोकोत्राला मान डोलावली होती. असो. ट्रॅक आधी बघायचा हे मी कॅडेटांना शिकवत असे.

बुटीबोरीवाला:
हसायचं काही नाही मंडळी, मला खूप शिकायला मिळालं. आता बायरला काय लिहू? अंदाजे तरी कळलं तर फॉरवर्डरशी भांडता येईल.

सेकंड_इंजिनिअर_रजेवर:
ढोबळ करून देतो, जहाज काल्पनिक आहे, तुमचं नाही. समजा मोठं जहाज १७ नॉटला दिवसाला १०० टन जाळतं आणि त्यावर भरलेले ६,५०० वीस फुटी डबे आहेत. दिवसाला ४०८ मैल. सुएझवरून साडेपंधरा दिवस, सुमारे १,५४५ टन तेल, ४,८०० टन कार्बन, डब्यामागे पाऊण टनाला थोडं कमी. केपवरून साडेसव्वीस दिवस, २,६५० टन तेल, सव्वाआठ हजार टन कार्बन, डब्यामागे सव्वा टन. तुमच्या रिपोर्टमध्ये पाऊण टनाच्या आसपास काही आलं असेल तर भांडायला जागा आहे. खरा आकडा लाइनकडूनच मागा, जहाजाच्या नावासकट आणि केपच्या अंतरासकट.

सीएचए_अजनी:
भांडा पण त्याआधी एक विचारतो. बुटीबोरीहून डबा न्हावा शेवाला कसा जातो, डेपोतून ट्रेननं की ट्रेलरनं?

बुटीबोरीवाला:
ट्रेलरनं. ट्रेनला रेक म्हणजे अख्खी मालगाडी भरेपर्यंत थांबावं लागतं, बंदरात डबा पोचवायची शेवटची वेळ, कटऑफ, चुकला की जहाज गेलं. मागे दोनदा असं झालं तेव्हापासून ट्रेलर.

सीएचए_अजनी:
रस्ता साडेआठशे किलोमीटर धरा. भरलेला ट्रेलर लिटरला साडेतीन किलोमीटर देतो, म्हणजे २४३ लिटर डिझेल. एका लिटरला २.६८ किलो कार्बन. साडेसहाशे किलो झाला. जहाज न्हावा शेवाहून सुएझमार्गे रॉटरडॅमला नेईपर्यंत तुमच्या डब्यामागे जेवढा जाळतं, जवळपास तेवढा तुमचा ट्रेलर न्हावा शेवाला पोचेपर्यंत जाळून मोकळा होतो.

बुटीबोरीवाला:
काय सांगता. आणि फॉरवर्डरच्या रिपोर्टमध्ये तो धरलाय का?

सीएचए_अजनी:
वरची ओळ बघा, पोर्ट टू पोर्ट लिहिलं असेल तर नाही.

बुटीबोरीवाला:
पोर्ट टू पोर्टच लिहिलंय.

तर्रीपोहा:
आणि ट्रेलर रिकामा वापस आला तर?

सीएचए_अजनी:
मग तोही यांच्याच नावावर. ट्रान्सपोर्टरला विचारून ठेवा येताना काय भरून आणतो. आणि पुढचा डबा असेल तर दहा दिवस आधी मला मेसेज टाका, रेक कधी सुटणार ते बघून सांगतो, कटऑफ चुकणार नाही असं बघू.